आज्जीचा जिल्हा बीदर: नांदेड-लातूरकरांची साऊथ ट्रिप

आज मागं पंख्याची घरघर ऐकू येईल, तेवढी सांभाळून घ्या. नांदेडच्या मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायची माझी तरी छाती नाही.

तर गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. ‘दादा, चार दिवसांची सुट्टी आहे, बजेट कमी आहे, साऊथला कुठं जावं?’ उत्तरात त्यांना उटी, मुन्नार, हंपी, पाँडिचेरी असलं काहीतरी हवं असतं. भारी आहेत ती ठिकाणं, वादच नाही. पण विचारणारा देगलूरचा, उदगीरचा, निलंग्याचा नाहीतर धर्माबादचा निघाला की मला हसू येतं. अरे बाबा, १९५६ पर्यंत तुझं घरच साऊथमध्ये होतं की!

खरंच सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपण सगळे हैदराबाद राज्यात होतो. निजामाच्या संस्थानात एकूण सोळा जिल्हे, त्यातले आठ तेलुगू भाषकांचे, पाच मराठी आणि तीन कन्नड. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, पण राज्य तसंच राहिलं. राजधानी हैदराबाद, विधानसभा हैदराबादला, हायकोर्ट हैदराबादला. मुंबई म्हणजे तेव्हा आपल्यासाठी परराज्य. पुढं भाषावार प्रांतरचना झाली आणि या राज्याचे तीन तुकडे तीन दिशांना गेले.

आता खरी गंमत ऐका. माझं आजोळ उदगीरचं. आज्जीला एकदा सहज विचारलं, ‘आज्जी, तुझा जन्माचा जिल्हा कोणता गं?’ मला वाटलं लातूर म्हणेल, फार तर उस्मानाबाद. आज्जी म्हणाली, ‘बीदर.’ मला वाटलं वयामुळं काहीतरी गोंधळ होतोय. मग १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा मोबाईलवर काढून वाचला. त्यात सरळ लिहिलंय की बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात जातील. म्हणजे आज्जी बरोबर! लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, तोवर आज्जीची लेकरं कॉलेजला जायला लागली होती. त्याच कायद्यात पुढं वाचा: किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून आपल्याकडं आला आणि नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा, कुबेर, बिच्कुंदा, जुक्कल हे भाग तिकडं गेले. सरकारी कागदावर एक ओळ लिहिली गेली आणि माणसं झोपली त्या जिल्ह्यात न उठता दुसऱ्या जिल्ह्यात उठली. सोयरीक कुणाची तुटली नाही म्हणा. आजही देगलूरच्या पोरी तिकडं दिल्यात आणि तिकडच्या इकडं आल्यात.

म्हणून आजच्या भागात मी जी ट्रिप सांगणार आहे ती त्या नकाशावर नसलेल्या राज्याची आहे. चार दिवसांत होते, खर्च पुण्याच्या एका वीकेंडपेक्षा कमी. मी ती एकदम केलेली नाही, नोकरी हैदराबादला असल्यामुळं तुकड्या-तुकड्यानं केलीय.

सुरुवात बीदरपासून. उदगीरहून गाडीनं दीड तास धरा. रेल्वेनंही जाता येतं, परळी-विकाराबाद लाईन उदगीरवरून बीदरला जाते. आणि बघा, उदगीर स्टेशन आजही सिकंदराबाद डिव्हिजनमध्ये आहे. नांदेडचं डिव्हिजन स्वतःचं झालं, पण झोन दक्षिण मध्य, त्याचं मुख्यालय सिकंदराबादच. राज्य गेलं, रेल्वेला कुणी कळवलंच नाही बहुतेक.

बीदर म्हणजे बहामनी सुलतानांची राजधानी. आधी गुलबर्ग्याला होती, पंधराव्या शतकात अहमदशहानं इथं आणली. किल्ला प्रचंड आहे, सकाळी लवकर गेलात तर अख्खा किल्ला तुमचा एकट्याचा. रंगीन महाल उघडा असेल तर चुकवू नका; काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम केलंय, तिरप्या उन्हात ते असं चमकतं की फोटोत येतच नाही. गावात महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ चा. हा गावान इराणातल्या गिलानमधून आलेला व्यापारी, इथं वजीर झाला आणि त्यानं अख्खी युनिव्हर्सिटी उभी केली. नऊ वर्षांनी सुलतानानं कुणाच्या तरी कागाळ्या ऐकून त्याचं डोकं उडवलं. पुढं औरंगजेबाच्या काळात स्फोट होऊन मदरशाचा एक भाग कोसळला. एक मिनार उभा आहे, त्यावर निळ्या-हिरव्या टाइल्सचे तुकडे अजून चिकटून आहेत. मी तिथं बराच वेळ बसलो होतो.

आणि बिदरी काम बघा. दुकानात नको, कारागिराकडं जाऊन बघा. जस्त आणि थोडं तांबं यांचं ओतकाम करतात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात. इथपर्यंत सगळं राखाडी दिसतं, चांदी कुठं आणि जस्त कुठं कळत नाही. मग किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप करून तापलेल्या भांड्याला चोळतात. जस्त कुळकुळीत काळं होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर माती घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून बघतात, ही माती चालेल का नाही ते ठरवायला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये तीन वर्षं काढलीत, एवढी स्वस्त आणि खात्रीची टेस्ट मला कुणी शिकवली नाही.

बीदरजवळ अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातली अहमदशहाची कबर बघाच. आतून पूर्ण रंगवलेली आहे. तिथल्या उरुसाला एक जंगम येतो, लिंगायत लोक मोठ्या संख्येनं येतात, आणि बरेच जण या सुलतानाला अल्लमप्रभूचा अवतार मानतात. आपल्या उदगीर-निलंगा पट्ट्यातल्या लिंगायत घरांत हे सांगितलं तर वयस्कर माणसं मान हलवतात, त्यांना यात नवल वाटत नाही. नांदेडच्या शीख कुटुंबांनाही बीदर परकं नाही. गुरू नानक झिरा तिथंच आहे, आणि पंजप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बीदरचे. हजूर साहिबला आलेली जत्रा बऱ्याचदा पुढं बीदरला जाते.

वेळ असेल तर बीदर जिल्ह्यातच बसवकल्याण आहे, निलंगा-औरादच्या लोकांना तर अगदी शेजारी. बाराव्या शतकात कल्याणी चालुक्यांची राजधानी, बसवेश्वरांचा अनुभव मंटप इथलाच. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हिंदू वारसा हक्काच्या कायद्यात ‘मिताक्षरा’ हा शब्द येतो ना, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीच्या प्रत्येक केसमध्ये वकील ज्याचं नाव घेतात, तो ग्रंथ विज्ञानेश्वरानं याच कल्याणला, विक्रमादित्य सहाव्याच्या दरबारात लिहिला. आपल्या भावकीच्या भांडणांचं मूळ पुस्तक दोन तासांवर लिहिलं गेलंय. आणि त्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिलं, साधारण ११२९ साली. त्यात इडली-डोशाच्या पूर्वजांच्या पाककृती आहेत. पुढच्या वेळी कुणी म्हणालं ना की इडली मराठी माणसाचं खाणं नाही, तर त्याला सांगा, तेव्हा आपणही त्याच राज्यात होतो.

अजून मागं जाऊ का? पटकन जातो. राष्ट्रकूट राजे, वेरूळचं कैलास लेणं खोदणारे, स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. त्यांची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात. आणि त्यांच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला सगळ्यात जुना उपलब्ध ग्रंथ झाला. त्यात कन्नड मुलखाची हद्द सांगितलीय कावेरीपासून गोदावरीपर्यंत. गोदावरी! म्हणजे नांदेडच्या घाटावर उभं राहिलात तर तुम्ही त्या हद्दीवर उभे आहात. यावरून लगेच सीमावादाच्या कमेंट टाकू नका. ही हजार-बाराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तेव्हा कुणाकडं आधार कार्ड नव्हतं.

आता खाण्याकडं येतो, कारण अर्धे लोक त्यासाठीच थांबलेत.

लातूर, उदगीर, निलंगा पट्ट्यात येळवस असते. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो: मार्गशीर्ष संपताना जी अमावस्या येते, तिला वेळ अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पांडवांची म्हणून पूजा मांडायची, आणि मग जेवण. भज्जी, म्हणजे त्या हंगामातल्या सगळ्या शेंगा, भाज्या, हरभरा, तूर, बेसन घालून केलेली ती घट्ट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, आंबट आंबिल, धपाटे, गव्हाची खीर. रानात पाणी शिंपडत फिरायचं आणि ओरडत जायचं. जे ओरडतो त्याचा अर्थ आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. मी लहानपणी समजायचो, मोठ्यांना उगीच ओरडायला आवडतं.

मग ऑफिसात कलबुर्गीचा एक पोरगा भेटला. डिसेंबरात म्हणाला, मला एका दिवसाची रजा पाहिजे, घरी ‘एळ्ळ अमावस्या’ आहे. मी म्हणालो, काय करता? त्यानं सांगायला सुरुवात केली: शेतात जातो, भज्जी करतो, सज्जीचे उंडे करतो, रानात पाणी शिंपडत ओरडतो. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. एळ्ळू म्हणजे कन्नडमध्ये तीळ. आपल्या ‘येळवस’मधला ‘येळ’ हा वेळ-काळातला वेळ नाहीच, असं तो ठासून सांगतो. मला त्याचं पटलंय. रानातल्या ओरडण्यातले शब्दही त्याच्या गावात जवळपास तेच आहेत. आपली अख्खी पिढी दरवर्षी रानात कन्नडमध्ये ओरडतेय आणि पत्ताच नाही.

सुशीला घ्या. चुरमुरे भिजवून, कांदा, मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर. पुण्यात सुशीला म्हटलं की लोक विचारतात, कोण सुशीला? कर्नाटकात उतरलात की तोच पदार्थ ‘सुसला’ म्हणून मिळतो. आपण त्याला बाईमाणसाचं नाव दिलं, एवढाच फरक. आंबाडी तेलंगणात गोंगुरा म्हणून मिरवते, त्याचं लोणचं पार अमेरिकेला जातं. आपल्याकडं आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी म्हणजे पाहुण्यापुढं ठेवायला लाजतात. तेलंगणातली सर्वपिंडी एकदा खाऊन बघा. तांदळाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, मिरची कालवून तव्यावर थापतात आणि मधे बोटानं भोकं पाडतात. थालीपिठाची तेलुगू बहीण. आणि तूप हा शब्द पण कन्नडमधल्या ‘तुप्प’चा. पुरणपोळीवर तुपाची धार सोडताना कर्नाटकाची आठवण ठेवायला हरकत नाही!

हैदराबादच्या बिर्याणीवर मी बोलणार नाही. त्यावर लाखभर व्हिडिओ आहेत. फक्त एक सांगतो, सकाळी कधी खिचडी, खिमा आणि खट्टा हा नाश्ता करून बघा आणि मग कामाला जायचा विचार सोडून द्या.

आता हैदराबाद. चारमिनार १५९१ चा, गोवळकोंडा, सालारजंग, चौमहल्ला, हे सगळं बघा, गर्दी असते, पाणी सोबत ठेवा. एवढं पुरे. मला तुम्हाला तीन वेगळ्या जागा दाखवायच्यात.

पहिली, उस्मानिया युनिव्हर्सिटीचं आर्ट्स कॉलेज. १९१८ ला ही युनिव्हर्सिटी सुरू झाली आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू. मेडिकल, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत. त्यासाठी भाषांतराचं मोठं खातं होतं, सगळी पुस्तकं उर्दूत आणणारं. मी बी.टेक. इंग्रजीतून रडतखडत केलं म्हणून मला याचं आधी कौतुकच वाटलं, की बघा, देशी भाषेत इंजिनिअरिंग करून दाखवलं. पण आपल्या बाजूनं बघा. नांदेडच्या मराठी पोराला, करीमनगरच्या तेलुगू पोराला आणि रायचूरच्या कन्नड पोराला वर शिकायचं तर आधी उर्दू. राज्यात बहुसंख्य लोकांच्या घरात ती भाषा नव्हती. १९३८ ला इथल्याच होस्टेलमध्ये वंदे मातरम म्हटलं म्हणून पोरांना काढून टाकलं. नागपूर युनिव्हर्सिटीनं त्यांना जागा दिली. त्यात एक पोरगा पी. व्ही. नरसिंह राव होता. पुढं पंतप्रधान झालेला हा तेलुगू माणूस मराठी इतकं जाणत होता की त्यानं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली.

दुसरी जागा, बेगमपेट. स्वामी रामानंद तीर्थांची समाधी. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या मार्कशीट आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या कपाटात आहेत, त्यांची समाधी हैदराबादला आहे हे कितीजणांना माहितीय? मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म विजापूर जिल्ह्यातला, काम हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून, लढा हैदराबादचा. कुठल्या एका राज्यानं हा माणूस आपला म्हणावा? ते स्वतः मात्र हे राज्य भाषेप्रमाणं वाटावं याच बाजूचे होते.

तिसरी जागा जरा कोरडी वाटेल. तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, जुने सरकारी कागद जिथं ठेवतात ते. आत जायची परवानगी काढावी लागते, सेल्फी पॉइंट काही नाही. पण निजामाच्या काळातला आपल्या गावांचा हिशेब तिथं आहे, फारसी आणि उर्दूत. ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द तुम्ही २०२५ च्या सप्टेंबरात रोज ऐकला असेल, कुणबी नोंदींच्या शासन निर्णयामुळं. त्याच्या आधी २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तीही निजामकाळातल्या नोंदी तपासायला. त्यातल्या राजकारणात मी आज शिरत नाही. मला एवढंच म्हणायचंय की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा एक उर्दू कागद आजही आपल्याकडं कुणाचं ॲडमिशन, कुणाची नोकरी, कुणाची जमीन ठरवतो. मराठवाड्यात कूळ कायदा कोणता चालतो? हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. नाव अजून तेच. वकिलाकडं जा, तो सातबाऱ्याच्या आधी खासरा पत्रक मागतो, इनामाची जमीन असेल तर मुंतखब मागतो. हे शब्द पुण्याच्या वकिलाला विचारून बघा.

आमच्या घरातही असा एक कागद निघाला. आजोबा गेल्यावर मामा लोकांची वाटणी चालू होती. ट्रंकेत एका फडक्यात बांधलेली नक्कल सापडली, पूर्ण उर्दूत. आजोबा उर्दू वाचायचे, सहीसुद्धा उर्दूत करायचे, पण त्यांच्यानंतर घरात एकालाही ते अक्षर येत नव्हतं. चार इंजिनिअर, एक डॉक्टर, दोन मास्तर, आणि स्वतःच्या शेताचा कागद वाचता येईना. मी फोटो काढून दोन-तीन ॲप लावून बघितले. हाताचं घसटं शिकस्त अक्षर, ॲपनं काहीतरी भलतंच दाखवलं.

शेवटी उदगीरमध्येच उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या एका सरांकडं गेलो. ऐंशीच्या पुढचे. ‘आओ बाबा, बैठो. चाय नक्को मत बोलो,’ म्हणाले. त्यांच्या दखनीतला ‘नक्को’ आपल्या मराठीतला आणि ‘वैसाच, ऐसाच’ म्हणताना लागतो तो ‘च’ पण आपलाच, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कानावर आलं. चष्मा पुसून त्यांनी तारीख वाचली: तीर १३५२ फसली. मी म्हणालो, सर, म्हणजे कधी? ते म्हणाले, ‘पाचशे नव्वद-एक्क्याण्णव मिळव. तीर म्हणजे तुझा मे महिना.’ १९४३ चा मे. मग दहा मिनिटांत सगळा कागद त्यांनी घडाघडा वाचून दाखवला. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, पूर्वेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट. मालाची किंमत हाली रुपयांत. हाली म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया. इंग्रजांच्या रुपयाला आपल्याकडं कलदार म्हणायचे, सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. आणि मग विहिरीचं कलम आलं. विहीर निम्मी पणजोबांची, निम्मी शेजारच्या शेतवाल्याची. शेजाऱ्याचं नाव मुसलमान होतं.

आमच्या शेताला लागून मुसलमानाचं शेत कधीच नव्हतं, निदान आम्ही पाहिलं तेव्हापासून. घरी येऊन आज्जीला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘होते. पोलीस ॲक्शनात गेले.’ गेले म्हणजे गाव सोडून गेले की मेले, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं ‘गेले’ एवढंच सांगितलं.

शाळेत आपल्याला रझाकारांचं शिकवतात, आणि ते खरंच आहे. गावं जाळली, माणसं मारली, लोक सीमेपलीकडच्या कॅम्पांत पळाले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करायचा, आपल्याच गावातून उठलेला माणूस. पण १७ सप्टेंबरनंतरच्या काही आठवड्यांत काय झालं, ते शाळेत नाही शिकवत. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवलेला, २०१३ ला लोकांना बघायला मिळाला. त्यात अंदाज आहे सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट झालेले चार जिल्हे म्हणून नावं आहेत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. त्यातले उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड म्हणजे आजचे आपण. मुक्तिदिनाचा झेंडा मी दरवर्षी लावतो, पुढंही लावणार. आज्जीचा तो ‘गेले’ शब्द पण तेव्हा आठवणार.

विहिरीचं काय झालं विचाराल. मोठ्या मामांनी वकिलाला विचारलं, वकील म्हणाला एवढ्या वर्षांनी कायद्यानं काही होत नाही, निवांत राहा. वाटणीत विहीर धाकट्या मामांकडं गेली. सरांनी वाचून दाखवलेलं सगळं मी देवनागरीत उतरवून कागदाला टाचून ठेवलंय, विहिरीच्या कलमासकट. धाकट्या मामांना ते आवडलं नाही. ‘कशाला लिहून ठेवायचं रे?’ म्हणाले. अजून त्यावर आमचं बोलणं चालूच आहे.

बरं, परतीचा रस्ता. हैदराबादहून नांदेडला येताना निजामाबादच्या पुढं गोदावरीचा पूल लागतो आणि मग बासर. इथं उतरा. सरस्वतीचं मंदिर आहे, लहान लेकरांचा अक्षराभ्यास करतात, म्हणजे पहिलं अक्षर गिरवून घेतात. वसंत पंचमीला पाय ठेवायला जागा नसते. रांगेत कान दिला तर निम्मे लोक मराठी बोलताना सापडतात. बासरनंतर धर्माबाद, म्हणजे आलाच महाराष्ट्र. मिरचीच्या बाजाराच्या दिवसांत आलात तर डोळे चोळतच उतराल.

या सरहद्दीवर गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावर दोन राज्यं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला: बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा अडवायचं नाही, आणि दरवाजे खाली येतात तेव्हा पाऊस परतलेला असतो. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, तो तारखा तोंडपाठ सांगतो. २०१८ ला तेलंगणानं रयतू बंधू आणली, एकरी चार हजार रुपये, पेरणीच्या आधी हातात. तेव्हा धर्माबाद भागातल्या गावांनी उघड म्हटलं, आम्हाला तेलंगणात घाला. मुंबईत ते लोकांना विचित्र वाटलं. बासरच्या पुलावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला नाही वाटलं. त्याची बहीण पलीकडं आहे, तिच्या खात्यावर पैसे आलेत, याच्या नाहीत, आणि दोघांचं शेत एकाच काळ्या मातीचं.

थोडं कामाचं सांगून थांबतो. उन्हाळ्यात बीदर-हैदराबाद नको, किल्ले तापतात. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट. बीदरला कन्नड येत नसेल तर घाबरू नका, मराठी नाहीतर दखनी चालते. येळवसच्या दिवशी मात्र बीदरला जाऊ नका, कारण दुकानदार रानात असतो. त्यापेक्षा कुणाच्या तरी शेतात बोलावणं लावून घ्या, आपल्या बाजूला नाहीतर त्या बाजूला, भज्जी दोन्हीकडं सारखीच लागते. आणि घरी ट्रंकेत उर्दू नाहीतर मोडीतला कागद असेल तर त्याचा आधी नीट उजेडात फोटो काढा, घडीवर तो फाटत चाललेला असतो. वाचणारे सर ऐंशीच्या पुढचे आहेत.

पुढच्या भागात कंधार. किल्ला, राष्ट्रकूटांचा तलाव, आणि उरुसातली ती जिलेबी. भेटू!